पुढच्या गाडीचं तोंड

आपल्या गाडीच्या तोंडाला खरूज झाली आहे असं कोणी भर सभेत म्हणेल, हे सिद्धोधन वाव्हळे यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि म्हणणारा तरी कोण, तर ज्याला त्यांनी नोकरीचा पहिला अर्ज लिहून दिला होता तो नागसेन.

सभा विहारात होती आणि चौदा एप्रिलच्या तयारीची होती. परभणीतल्या त्या कॉलनीची मिरवणूक निघते तेव्हा सगळ्यात पुढे एक गाडी असते. टपावर बाबासाहेबांची मोठी तसबीर, भोवती फुलं, आणि आत ड्रायव्हरच्या शेजारी सरजाबाई. सरजाबाई नव्वदीला टेकलेल्या. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेल्यांपैकी कॉलनीत त्या एकट्याच उरल्या होत्या, त्यामुळे ती जागा त्यांची, यात वाद नव्हता. गाडी वाव्हळे साहेबांची, यातही आजवर वाद नव्हता. साहेब पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क असताना त्यांनी ही पांढरी गाडी घेतली, तेव्हा कॉलनीत दुसरी चारचाकीच नव्हती. तेव्हापासून दरवर्षी पुढची गाडी तीच. तसा ठराव मात्र कधी झाला नव्हता. सगळी हयात ठराव लिहिण्यात गेलेल्या माणसाच्या हे ध्यानात यायला हवं होतं, पण स्वतःच्या मानाचा ठराव कोण करून ठेवतो?

नागसेन हा सरजाबाईंचाच नातू. शाळेत विज्ञान शिकवतो आणि यंदा त्यानं नवीकोरी उंच गाडी घेतली होती. त्यानं मागच्या वर्षीच्या मिरवणुकीचा फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला. "काका, राग मानू नका," तो म्हणाला. "तसबीर किती सुंदर दिसायलीय. अन् तिच्या खाली बघा. गाडीच्या तोंडाला खरूज झाल्यावानी दिसायलंय."

फोटो खोटं बोलत नव्हता. पुढच्या जाळीची चांदीसारखी चमक खपल्या खपल्यांनी निघाली होती आणि दारांवरच्या पट्ट्यांचीही तीच गत होती. सभेत कोणी हसलं असतं तर भांडता तरी आलं असतं. पण कोणी हसलं नाही. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या, एखाद्याच्या दुखण्याबद्दल ऐकल्यावर हलवतात तशा. मग ठराव झाला की पुढची गाडी मिरवणुकीला शोभणारी असावी. वाव्हळे साहेबांनी जाळी आणि पट्ट्या नीट करून घेतल्या तर त्यांची, नाहीतर नागसेन सरांची. आणि नीट झाल्या का हे ठरवायला एक वाहन पाहणी उपसमिती नेमली. अध्यक्ष नागसेन. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं म्हणतात ते याहून वेगळं नसावं.

आता घरातली गोष्ट सांगायची तर ती चमक काही आपोआप गेली नव्हती. साहेब रोज सकाळी स्वतः गाडी धूत, बोअरच्या पाण्यानं. परभणीचं बोअरचं पाणी म्हणजे चहाच्या पातेल्याला बुडाशी पांढरा थर धरणारं. त्याचे डाग जाळीवर बसत, आणि ते काढायला साहेब दरवर्षी जयंतीच्या आधी चिंच आणि मीठ घेऊन बसत. पत्नी सत्यशीलाबाई पितळेचा हंडा जसा घासतात, अगदी तसं. हंडा लखलखतो. जाळीसुद्धा दोन-तीन वर्षं लखलखली आणि मग तिची साल सुटायला लागली. "अवो, तुमी हंडा घासायलाव का गाडी?" असं सत्यशीलाबाईंनी तेव्हाच विचारलं होतं. साहेबांनी त्यांना समजावलं की धातू तो धातू. आमची गाडी जुन्या काळातली आहे, सगळं अस्सल लोखंड, हल्लीच्यासारखा प्लास्टिकचा डबा नाही. हे वाक्य ते पाहुण्यांनाही ऐकवत. पुढं त्यानंच घात केला.

हेडक्लार्क माणूस तीन कोटेशनशिवाय खडूचा खोकासुद्धा घेत नाही. लेक संघप्रिया हिला स्थळं बघतानाही साहेबांनी तीन मागवली होती आणि तुलनात्मक तक्ता केला होता. संघप्रियानं तक्त्यात नसलेला मुलगा पसंत केला, ती गोष्ट निराळी. तेव्हा याही कामात तीन पर्याय बघायचे ठरवून ते जिंतूर रोडवर हरिओमच्या दुकानात गेले. हरिओम गाड्यांचं रंगकाम, सीटकव्हर, असली सजावट करतो. साहेबांनी त्याला अटी सांगितल्या. जे काही लावशील ते उन्हानं जाऊ नये, बोअरच्या पाण्यानं जाऊ नये, घासल्यानं जाऊ नये, आणि शोभलं पाहिजे.

"एवढं टिकायला तर माणसाचं कातडंबी न्हाई, साहेब," हरिओम म्हणाला.

पहिल्यासारखी चमक पुन्हा चढवून मिळेल का, तर तसली कामं करणारे मोठ्या कंपन्यांचाच माल घेतात, एका जाळीसाठी ते दारातही उभं करणार नाहीत, असं त्याचं म्हणणं पडलं. मग त्यानं आरशासारखा चकचकीत स्टिकर सुचवला. गरम हवा मारून तो जाळीच्या एकेका आडव्या दांडीवर बसवला आणि काम झालं तेव्हा जाळीत तोंड बघून भांग पाडावा अशी ती झाली. साहेबांनी गाडी मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून उभी केली.

समोरच्या घरात किशनराव राहतात. बोरीची शेती मुलाच्या हवाली करून शहरात आलेले, दिवसभर ओसरीवर पेपर वाचत बसलेले. जाळीवरून उसळलेलं ऊन सरळ त्यांच्या डोळ्यांत जायला लागलं. सूर्य सरकेल तशी त्यांनी खुर्ची सरकवली, आणि दुपारपर्यंत ते ओसरीचा अर्धा फेरा पुरा करून स्वयंपाकघराच्या दारात पोचले. तिकडे एका चिमणीला जाळीत दुसरी चिमणी दिसली आणि तिनं तिच्याशी वैर धरलं. ती चोची मारायची, थकायची, तारेवर बसून दम खायची आणि परत यायची. साहेब टॉवेल घेऊन पहारा करत बसले. निवृत्तीनंतर आपल्यावर चिमण्या हाकलायची वेळ यावी याचा त्यांना मनस्वी संताप आला, पण तो दाखवणार कोणाला, चिमणीला?

शेवटी चिमणीनं नाही, उन्हानं दगा दिला. परभणीचं ऊन एप्रिलची वाट बघत बसत नाही. डिंक पातळ झाला, टोकं सुटली, आणि मधली पट्टी दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखी खाली लोंबायला लागली. नेमकी त्याच वेळी उपसमिती आली. उपसमिती म्हणजे नागसेन आणि त्याच्या मागे दोन होयबा. नागसेननं लोंबत्या पट्टीकडे बघितलं आणि नुसतं "हं" म्हणून तो गेला. तो चार शब्द बोलला असता तर साहेबांनी आठ ऐकवले असते. 'हं'ला उत्तर देता येत नाही, म्हणून ते रात्री जेवताना सत्यशीलाबाईंवर चिडले.

दुसरा पर्याय स्वतः चालत आला. किशनराव रस्ता ओलांडून आले, बहुधा डोळ्यांच्या काळजीनं. "वाव्हळे साहेब, कायला ह्या कागदाच्या नादी लागलाव? आमच्या बोरीच्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला चांदी मारलेली हाय. लय वर्सं झाली. सायलेन्सर गेला, पण चांदी न्हाई गेली." चांदी म्हणजे लोखंडी गेटला फासतात तो चंदेरी रंग. हरिओमनं त्याला हात लावायला नकार दिला, म्हणून किशनरावांनी धोतराचा काचा मारून स्वतः जाळीवर आणि पट्ट्यांवर ब्रश चालवला. रंग दिसायला वाईट नव्हता. फक्त तो वाळला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. जाळीला माश्या चिकटल्या, धूळ चिकटली, कडुनिंबाचा मोहोर चिकटला, आणि ती एखाद्या जुन्या वारुळासारखी दिसायला लागली. किशनराव विचारात पडले आणि मग त्यांना कारण सापडलं. सायलेन्सर तापतो, म्हणून त्याच्यावरचा रंग वाळतो, तुमच्या जाळीला तापच नाही. ताप जाळीला नसला तरी मालकाला पुरेसा होता.

उपसमिती पुन्हा आली. आतून गाडी कशी आहे हे वाकून बघून झाल्यावर नागसेन वळला आणि सहज दारावरच्या पट्टीला टेकला. पांढरीशुभ्र पँट होती. सरळ झाला तेव्हा मागच्या बाजूला चंदेरी आडवा पट्टा उठला होता. त्या महिन्यातला तेवढाच एक क्षण वाव्हळे साहेबांना सुखाचा गेला, पण उपसमितीचं मत त्यामुळे काही सुधारलं नाही.

आता साहेब इरेला पेटले. एमआयडीसीत बजरंग म्हणून एकजण लोखंडी कपाटांना आणि गेटांना पावडर कोटिंग करतो. रंगाची कोरडी पावडर फवारायची आणि भट्टीत भाजून पक्की करायची. नातवंडं म्हातारी होतील पण रंग जाणार नाही, असं बजरंग म्हणाला आणि साहेबांना प्रथमच आपल्या अटींना साजेसा माणूस भेटल्यासारखं वाटलं. हरिओमनं जाळी-पट्ट्या खोलून दिल्या, त्याही रंगानं लडबडलेल्या. बजरंगनं त्या हातात घेऊन विचारलं, "लोखंडच हाय ना, साहेब? लय हलकं लागायलंय."

इथं वाव्हळे साहेबांचा अपमान झाला. महिनाभर गिळलेले सगळे अपमान एकदम वर आले आणि त्यांनी बजरंगला गाड्यांच्या इतिहासावर व्याख्यान दिलं. कोणत्या काळात गाड्या कशा बनत, तेव्हाचा पत्रा कसा होता, चांगलं लोखंड हलकंच असतं आणि हल्लीच्या पोरांना लोखंड आणि प्लास्टिक यातला फरक कळेनासा झाला आहे. बजरंग गरीब माणूस. एवढा शिकलेला माणूस एवढ्या रागानं सांगतोय म्हणजे खरंच असणार, असं समजून त्यानं जाळी आणि पट्ट्या कपाटाच्या दारांसोबत भट्टीत घातल्या.

कपाटाची दारं बाहेर आली ती काळीभोर आणि टणक. जाळी भट्टीच्या तळाशी पसरली होती, ती कालथ्यानं काढावी लागली. बजरंगनं कालथा बाजूला ठेवला. मग अदबीनं म्हणाला, "साहेब, तुमचं लोखंड वितळलं."

साहेब ते अवशेष पिशवीत घालून घरी आले. सत्यशीलाबाईंनी पिशवीत डोकावून या काळ्या कुरड्या कोणी दिल्या असं विचारलं. त्यावर साहेबांनी आपल्याला इतकी वर्षं फसवणाऱ्या कंपनीबद्दल, तिच्या कारखान्याबद्दल आणि एकूण देशाच्या औद्योगिक धोरणाबद्दल जे काही सांगितलं, ते समोरच्या ओसरीपर्यंत ऐकू गेलं. चिंच आणि मीठ यांचा उल्लेख त्यात कुठंच नव्हता. तो सत्यशीलाबाईंनी केला.

बिनजाळीची गाडी म्हणजे दात पडलेलं तोंड. खरूज परवडली, पण हे बघवेना. गंगाखेडला साहेबांचा मेहुणा असतो, त्यानं कळवलं की साखर कारखान्याच्या रस्त्याला एका भंगारवाल्याकडे अशीच गाडी पडून आहे. साहेब रेल्वेनं गेले, जाळी आणि पट्ट्या मिळवल्या आणि येताना एसटीत मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं कूलरची जाळी केवढ्याला पडली म्हणून चौकशी केली. कंडक्टरनं जाळीला सामानाचं तिकीट लागेल का यावर पुढच्या दोन प्रवाशांचं मत घेतलं आणि ते एकमेकांशी जुळेना. हेडक्लार्क म्हणून ज्यांच्यापुढे ठेकेदार उभे राहत, त्या वाव्हळे साहेबांनी सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत काढला.

हरिओमनं ती जाळी घासून उघडी केली, पट्ट्याही घासल्या, वर रंगाआधी देतात तो राखाडी प्रायमर मारला आणि गाडीला बसवून विचारलं, आता वरून कोणता रंग? चकचकीत काळा, मंद काळा की चंदेरी? कोणीही शहाणा माणूस बोट दाखवून मोकळा झाला असता. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. साहेब म्हणाले, तिन्ही रंगांचे तुकडे करून दे. मी ते गच्चीवर उन्हात बांधीन, रोज बोअरचं पाणी ओतीन, चिंचेनं घाशीन, आणि जो टिकेल तो मारायचा.

"साहेब, जयंती परवा हाय," हरिओम म्हणाला.

"म्हणून काय घाईत निर्णय घ्यायचा?"

त्या संध्याकाळी उपसमितीनं राखाडी तोंडाची गाडी पाहिली आणि नागसेन सरांच्या गाडीची शिफारस केली. साहेबांनी जाहीर केलं की ते मिरवणुकीला येणार नाहीत. पुढे नाही आणि मागेही नाही.

चौदा तारखेला त्यांनी पहाटे उठून दाढी केली, खळीचा पांढरा शर्ट घातला, गळ्यात निळा रुमाल घेतला, गाडी धुतली, किल्ली खिशात टाकली आणि मग आपण जाणार नाही असं पुन्हा सांगून खुर्चीत बसले. "मी जायलेय," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "तुमी बसा रागावून. पोळ्या झाकून ठेवल्यात." दुपारी विहाराकडून हलगीचा आवाज सुरू झाला. साहेबांनी पेपर उघडला. हलगी रंगात आली आणि अचानक थांबली. मिरवणूक निघाली असती तर आवाज पुढे सरकला असता. तो सरकला नाही, नुसता गलका ऐकू यायला लागला. साहेब फाटकापर्यंत गेले, तिथून परत आले आणि परत फाटकापर्यंत गेले. तेव्हा कोपऱ्यावरून नागसेन येताना दिसला, पायी, घामाघूम, मान खाली घालून.

"काका, जय भीम," तो म्हणाला. "आजी बसंना."

"कशात?"

"माझ्या गाडीत. पाय पुरंना तिचा. स्टूल ठेवलं तर म्हणायलीय, मी पडीन. उचलून ठेवतो म्हणलं तर म्हणायलीय, मी काय सोयाबीनचं पोतं हाय का. अन् ती बसल्याबिगर निघायचं कसं?"

साहेबांच्या तोंडात बरंच काही आलं होतं. महिनाभर साठवलेलं, घोळवलेलं, धार लावलेलं. पण त्याआधी त्यांचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला. ते वळले आणि गाडीत जाऊन बसले.

विहारासमोर भर रस्त्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर सरजाबाई बसल्या होत्या, पांढऱ्या लुगड्यात, कोणीतरी डोक्यावर छत्री धरलेली. शेजारी नागसेनची उंच गाडी फुलांनी मढून तयार होती आणि तिच्या उघड्या दारातली सीट म्हातारीच्या छातीला लागत होती. साहेबांनी आपली गाडी जवळ आणली. उपसमितीतल्या एका होयबानं हळूच आठवण करून दिली की हिच्या जाळीचं काम अर्धवटच आहे.

"जाळीचं काय घिऊन बसलाव?" सरजाबाई म्हणाल्या. "मला काय जाळीवर बसायचंय? पाय ठिवायला आला पायजे. सिद्धोधन, आण रं बाबा जवळ. तुजीच गाडी बरी, हिच्यात माणूस खाली बसतंय."

त्यांनी स्वतःच्या हातानं दार धरलं, पाय आत घेतला आणि पदर सावरून बसल्या. लोकांनी जयघोष केला, तसबीर या टपावरून त्या टपावर आली, हलगी सुरू झाली. वाव्हळे साहेबांना आनंद झाला, फार झाला. आणि त्याच वेळी मनात एक ठसठसही राहिली. एवढी धावपळ, चिमणी, चांदी, भट्टी, गंगाखेड, आणि शेवटी गाडी निवडली गेली ती कशासाठी, तर ती बुटकी आहे म्हणून. जाळीकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

मिरवणूक स्टेशनपर्यंत गेली. ऊन मी म्हणत होतं. पोरांनी निळा गुलाल उधळला, पाण्याच्या टँकरवरून तुषार उडवले, पुन्हा गुलाल उधळला. पुढची गाडी म्हटल्यावर सगळं आधी तिच्याच तोंडावर. सरजाबाईंच्या पांढऱ्या केसांतही निळं झालं होतं आणि त्या सबंध रस्ता खिडकीतून हात हलवत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी नेहमीप्रमाणे नळी लावली. पांढऱ्या पत्र्यावरचा गुलाल ओघळून गेला. जाळीचा आणि पट्ट्यांचा गेला नाही. वरचा रंग न मारलेल्या त्या कोऱ्या प्रायमरनं तो पाण्यासकट पिऊन टाकला होता आणि उन्हानं आत पक्का केला होता. साबण झाला. समोरच्या ओसरीवरून सूचना आली म्हणून रॉकेल झालं. सवयीनं चिंच आणि मीठही झालं. जितकं घासावं तितका निळा अधिक उजळ दिसायला लागला. शेवटी हरिओमला बोलावलं. त्यानं नखानं खरवडून बघितलं आणि मान हलवली. "लय आत गेलंय, साहेब. उन्हानं जाईना, पाण्यानं जाईना, घासून जाईना. आता सगळं मुळापासून काढावं लागतंय."

साहेबांचा संताप वर चढायला लागला आणि अर्ध्या वाटेत थबकला. त्यांनी नळी खाली ठेवली, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि फोटोत दिसेल तशी गाडी बघितली. पांढरं अंग, निळं तोंड. सरजाबाई काठी टेकत विहाराकडे वंदनेला निघाल्या होत्या, त्या गाडीपाशी थांबल्या. जाळीवरून तळवा फिरवला, तळव्याला काही लागलं का ते निरखून पाहिलं. काही लागलं नव्हतं.

"आता कसं," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

साहेब गाडीपाशी परत आले. "काढायचं न्हाई," ते हरिओमला म्हणाले. "वरून फक्त पारदर्शक लॅकर मार. दोन हात."

पावसाळा गेला, दिवाळी गेली, रोज सकाळी बोअरचं पाणी झालं, आणि जाळी तशीच निळी राहिली. एका रविवारी नागसेन आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, मग अंगणात जाऊन जाळीसमोर उकिडवा बसला. त्याच्या नव्या गाडीच्या जाळीवर पांढरे डाग पडले होते आणि ते घासून काढता काढता कडेनं साल सुटायला लागली होती. तो भीत भीत म्हणाला, "काका, मलाबी असलंच फिनिश करून घ्यायचंय. कुठून केलं तुमी?"

वाव्हळे साहेबांनी चष्मा काढला, रुमालानं सावकाश पुसला आणि परत लावला.

"आधी तीन कोटेशन आण," ते म्हणाले. "मग आमची उपसमिती येऊन बघंल."